माजघरातला पिंजरा

देवबागला मी ज्या घरात भाड्याने राहत होते, त्या घराच्या फाटकाशी गाड्या थांबवून लोक विचारत, "होमस्टे आहे का?" मालक पडवीतल्या खुर्चीतून न उठता सांगत, "आसा. पन तुमच्यासाठी नाय." गाडीतली माणसं हसत. त्यांना वाटे, म्हातारा गंमत करतोय. काका गंमत करत नसत. कुणी पुन्हा विचारलं तर ते उठून फाटक लावून घेत आणि लावता लावता कडीला तेल पुरेसं आहे का तेही बघत.

फोन आला की "हॅलो" म्हणायची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. "बोला, कोण मेलो?" अशी सुरुवात. पुण्याहून मुलाचा फोन आला तरी तेच. मुलगा एकदा मला म्हणाला, "सिस्टर, कोणी मेल्याशिवाय घरी फोन करू नये, हे मी बाबांकडून शिकलो." तो हसत म्हणाला, पण फोन तो खरंच कमीच करायचा.

मी मूळची कोल्हापूरकडची. इथल्या उपकेंद्रात नर्स म्हणून नेमणूक झाली तेव्हा त्यांच्या मागच्या खोलीत आले. काकांची सगळी नोकरी जहाजांवर, इंजिनरूममध्ये फिटर म्हणून गेलेली. घरी आल्यावरही शर्टाच्या खिशात कायम मोजपट्टी. कुणी काही मत मांडलं की त्यांचं ठरलेलं, "माप दाखय, मगे बोल." नारळ कुठे पडतो, पावसाचं पाणी कुठून वाहतं, शेजाऱ्याची भिंत सरळ आहे का, सगळ्याला माप. पर्यटकांना बोटीत फिरवणाऱ्या शेजाऱ्याने एकदा आपला ट्रेलर कुंपणाला लागून उभा केला. काकांनी चारचौघांसमोर गल्ली मोजली, चुन्याची रेघ मारली आणि पुढे कित्येक सकाळी ती रेघ नव्याने ओढत राहिले. वीतभर जागेचा प्रश्न होता, आणि काकांचं बरोबर होतं. त्या वीतभर जागेपायी आजूबाजूच्या दोन घरांनी गणपतीला त्यांच्याकडे यायचं बंद केलं. काकी प्रसादाची ताटं झाकून वाट बघत बसल्या होत्या.

काकी म्हणजे बुटकी, गोल चेहऱ्याची, आरोंद्याच्या खाडीकाठची बाई. नवरा जहाजावर असताना घर, माड, म्हातारे सासू-सासरे, मुलाची शाळा, सगळं तिनेच ओढलं. तो कायमचा घरी आला तेव्हा तिला वाटलं असेल, आता चार हात झाले. प्रत्यक्षात घरात एक साहेब आला. चहा कपात किती भरायचा इथपासून तो सांगू लागला.

तिचे गुडघे गेलेले होते. संडास आणि न्हाणी घरामागे, माडांच्या पलीकडे. मागच्या दारापासून चिऱ्याच्या पायऱ्या उतरायच्या, मग अंगण ओलांडायचं. पावसाळ्यात त्या पायऱ्यांवर शेवाळ धरायचं. आत एक संडास बांधू या, असं तिने किती वर्षं म्हटलं असेल कोण जाणे. माझ्यासमोरच अनेकदा म्हटलं. काकांचं उत्तर ठरलेलं. "देवघर आसा त्या घरात संडास? वास येतलो." मी नर्स या नात्याने बोलून बघितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "सिस्टर, तुमच्या पेशंटांका सांगा."

अशा घरात गिनीपिग आले.

पुण्याच्या नातीने हौसेने दोन पाळले होते, दोन्ही माद्या. एक पांढरी-तपकिरी, मोमो. दुसरी बिस्किटाच्या रंगाची म्हणून बिस्किट. मुलाची बदली बंगळूरला झाली, नव्या सोसायटीत प्राणी चालत नव्हते, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत फळांच्या प्लॅस्टिकच्या क्रेटमधून ते दोन जीव गाडीने देवबागला पोचले. काका बघतच राहिले.

"उंदीर हाडलंस घरात?"

"आजोबा, उंदीर नाहीयेत ते," नात म्हणाली आणि रडू लागली.

तिचं रडू थांबावं म्हणून काका मोजपट्टी काढून क्रेट मोजू लागले. "ह्या लहान पडता," एवढंच म्हणाले. तिथून सुरू झालं.

पहिला पिंजरा त्यांनी पडवीत केला. खाली जाळी, बाजूंना जाळी, वरून झाकण. लेंड्या जाळीतून खाली पडतील आणि साफसफाई सोपी होईल, हा हिशेब. थोड्याच दिवसांत मोमो पाय उचलून धरू लागली. मी तळवे बघितले तर लाल होऊन सोलवटलेले. तारेवर उभं राहून राहून तसं झालं होतं. त्या दुपारी काका जेवले नाहीत. काकींनी ताट वाढून झाकून ठेवलं होतं. "माजी चूक झाली," असं ते त्या जनावरांजवळ बसून म्हणाले, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. काकी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनीही ऐकलं. नंतर भांडी घासताना त्या मला म्हणाल्या, "ह्यांका असा बोलूक येता, ह्या माका आजच कळला गो."

त्यातच पडवीत एक धामण निघाली आणि पिंजरा आत न्यायचं ठरलं. आत म्हणजे माजघरात, खिडकीखाली, जिथे खाडीचा वारा येतो. तिथे काकींची खाट होती. गुडघ्यांमुळे त्यांना जमिनीवर झोपता येत नसे आणि उकाड्यात त्या वाऱ्याशिवाय झोप लागत नसे. खाट कोठीच्या खोलीत गेली, तांदळाच्या पिंपांशेजारी.

दुसरा पिंजरा म्हणजे काकांच्या हयातीतलं सगळ्यात देखणं काम, हे मी मान्य करते. फणसाच्या लाकडाची चौकट. गिनीपिग वर चढत नाहीत, त्यांना उंची नको, पळायला लांबी लागते, म्हणून माणूस आडवा झोपेल एवढा लांब आणि उंचीला जेमतेम गुडघ्याइतका. बाजूंना बारीक घराची गॅल्व्हनाइज्ड जाळी, कारण खारट हवेत साधी तार गंजते. प्लायवूडचा तळ दमटपणाने फुगतो, म्हणून त्यावर जुन्या फ्लेक्सचं कापड ताणून, कडा वर वळवून त्याचं ताट केलेलं. प्रत्येकीला लपायला वेगळं खोकं आणि प्रत्येक खोक्याला दोन दारं, म्हणजे एकीने दुसरीला कोंडायला नको. पाण्याची बाटली जाळीला बाहेरून अडकवलेली. उन्हाळ्यात खिडकीला ओलं गोणपाट आणि फ्रीजमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात. ताट धुतल्याचं पाणी जायला त्यांनी एक पीव्हीसी पाइप बसवला, भिंतीला भोक पाडून थेट बाहेर. त्याच माजघराच्या भिंतीला, देवघराला लागून असलेल्या.

तो पाइप बसला त्या दिवशी काकी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांका नळी घातलात. माका नाय."

"तुजा काय मधीच?" काका म्हणाले. ते भोकाभोवती सिमेंट लिंपत होते.

तळावर मऊ कापड लागायचं. बाजारातलं लवकर वाळत नाही म्हणून काकांनी घरातली जुनी लुगडी काढली. ती पुरेनात तेव्हा काकींच्या आईने शिवलेली गोधडी कापून तिचे चार तुकडे केले. काकी त्या वेळी दळण आणायला गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा मोमो त्यावर पसरली होती. काकींनी पिशवी खाली ठेवली आणि आत जाऊन चूल पेटवली. गॅस असताना चूल कशाला, असं मी विचारलं नाही. आणि ते तुकडे रोज धुवायचे कोणी? काकींनी, मागच्या दगडावर, त्याच पायऱ्या उतरून.

काकांचा दिवस आता त्या दोघींभोवती बांधला गेला. पहाटे हरळी कापून आणायची, तीही रस्त्याकडेची नाही, तिथे गाड्यांचा धूर असतो. मग कोथिंबीर निवडायची. रोज थोडा आवळा नाहीतर पेरू. एकदा त्यांनी मला बसवून समजावलं होतं, "ह्यांच्या आंगात सी जीवनसत्त्व तयार होना नाय. मानसाचाय तसाच. आंबट गावला नाय तर हिरड्यो सुजतत, सांधे धरतत. आधी दर्यार जानारे अशेच मरत." त्यांचा आवाज मऊ झाला होता. दर्यावरच्या माणसाचा रोग होऊ शकणारं जनावर त्यांना भेटलं होतं. त्यांना कुणीतरी आपल्यातलं सापडलं होतं, असं मला तेव्हा वाटलं, आणि वाईटही वाटलं, कारण सांधे धरलेली बाई शेजारच्या खोलीत होती.

त्या दोघींशी ते बोलत. "आयलंय गो बाय, आयलंय. थांब मां जरा." फ्रीजचं दार वाजलं की दोघी शीळ घातल्यासारख्या ओरडत, आणि शिटी वाजवणाऱ्याला घराबाहेर काढणारा हा माणूस हसत हसत धावत जाई.

लोक बघायला येऊ लागले. कुणीतरी व्हिडिओ केला, तो मोबाइलवरून गावभर फिरला. एक मास्तर म्हणाले, "असो प्राणिप्रेमी मानूस तालुक्यात नाय." रेघेमुळे न बोलणारे शेजारीही येऊन गेले. काकी सगळ्यांना चहा देत. दिवाळीत नात आली, तिने दोघींना थोडा वेळ मांडीवर घेतलं, फोटो काढले आणि "पिंजरा गुलाबी हवा होता" म्हणून मोबाइल घेऊन बसली. काकांनी ते मनाला लावून घेतलं नाही. पिंजरा तोवर नातीसाठी उरला नव्हता.

पुढच्या श्रावणात, सकाळी, काकी पडल्या.

मी ड्यूटीला निघत होते. मागून आवाज आला तो ओरडण्याचा नव्हता, पातेलं घरंगळल्याचा वाटला. जाऊन बघितलं तर काकी पायऱ्यांच्या तळाशी कुशीवर पडलेल्या आणि पाऊस कोसळत होता. हातात गोधडीचे ओले तुकडे. एक पाय बाहेरच्या बाजूला वळलेला, आखूड झालेला. खुब्याचं हाड गेलं हे बघताक्षणी कळत होतं. मी हाक मारल्यावर काका आले, छत्री घेऊन. ती त्यांनी काकींवर धरली. मग कोठीचं दार बिजागरीतून काढून आणलं, त्यावर त्यांना कसं सरकवायचं ते सांगितलं, कुणाचा हात कुठे हवा तेही. सगळं अगदी बरोबर. रुग्णवाहिका आली तेव्हा मी म्हणाले, "काका, चढा."

ते माजघराकडे बघू लागले. "ह्यांका कोण बघतलो?"

मला आधी वाटलं, ते घराबद्दल बोलतायत.

मी काकींबरोबर गेले. शस्त्रक्रिया झाली. दवाखान्यात उशाशी बसले ते आरोंद्याचे त्यांचे भाऊ आणि भावजय. मुलगा विमानाने येऊन गेला. काका एकदा आले, सकाळच्या एसटीने येऊन दुपारच्या एसटीने गेले. येताना पलंगाला लावायचा लाकडी टेकू करून आणला होता. तो पलंगाला बसला नाही. तो बसवायच्या खटपटीतच त्यांची वेळ संपली.

काकींना सोडलं तेव्हा भाऊ म्हणाले, "आमच्याकडे संडास घरात आसा. थंयच न्हेतंय." काकींनी नाही म्हटलं नाही. त्या आरोंद्याला गेल्या, आणि गणपती आले, गेले, तरी परतल्या नाहीत.

पाऊस ओसरल्यावर काकांनी कोठीतली पिंपं हलवली आणि संडास बांधायला काढला. देवघराची भिंत, वास, कशाचंच नाव नाही. फरशीचा उतार, न घसरणारी लादी, उंच भांडं, बाहेर उघडणारं दार, सगळं स्वतः उभं राहून करून घेतलं. काकींना उठताना धरायला स्टीलचा दांडा लावायचा होता. त्यासाठी त्यांनी मला बोलावलं.

"सिस्टर, हयसर उभ्या ऱ्हवा. हात पुढे करा."

भिंतीवर पेन्सिलने खूण केली.

"काका, काकी माझ्या खांद्यालासुद्धा लागत नाहीत."

"माजा लगीन झाला काय तुमचा?" ते म्हणाले. "तुमच्याएवढीच आसा ती."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी ड्रिल सुरू केलं.

थंडीच्या सुरुवातीला काकी बघायला आल्या. भावाबरोबर, रिक्षाने, हातात चालायचा वॉकर. काकांनी स्वच्छ शर्ट घातला होता. लादी दाखवली, उतार दाखवला, बादलीभर पाणी ओतून ते कसं सरळ जातं ते दाखवलं. काकी भांड्यावर बसून बघायला लागल्या आणि उठायला हात वर केला. दांडा त्यांच्या डोक्याच्या वर होता. बोटं कशीबशी त्याला लागली. मी पुढे होऊन त्यांना उठवलं.

काकींनी दांड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, माझ्या उंचीकडे.

"बरो आसा," त्या म्हणाल्या. "कोणासाठी लावलात?"

काका बादली आवरत होते. त्यांनी ऐकलं नसेल असं म्हणायला जागा नाही, ती खोली तेवढी मोठी नव्हती. चहा झाला. जाताना काकी पिंजऱ्याशी थांबल्या. आत तीच गोधडी होती. एका तुकड्याची घडी विसकटली होती. त्यांनी वाकता येईल तेवढं वाकून ती सारखी केली आणि रिक्षात जाऊन बसल्या.

काकांनी त्याच संध्याकाळी दांडा उतरवला, भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवली. बरेच दिवस गेले. मग एकदा माझ्या दाराशी येऊन म्हणाले, "तुमी तिका फोन करतास मां? बसल्यार हात खंयपर्यंत पोचता, ता इचारा." स्वतः फोन करायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

मी विचारलं. "माप फोनार गावना नाय," काकी म्हणाल्या. "येवन घेवक सांग."

मी निरोप दिला. काका म्हणाले, "जायन. पन ह्यांका कोण बघतलो?"

"मी बघते. सुट्टी घेते एक दिवस."

त्यांना ही सबब गेल्याचं वाईट वाटलं की बरं वाटलं, मला सांगता येणार नाही. पण त्यांनी मला नीट शिकवलं. कोथिंबीर किती, आवळ्याची फोड केवढी, बिस्किट रुसली तर तिच्याशी काय बोलायचं. ठरलेल्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात मोजपट्टी ठेवून ते सकाळच्या एसटीला गेले. मी आरोंद्याला फोन केला, "काकी, निघालेत."

"हो?" त्या म्हणाल्या. नुसतं तेवढंच. पण नंतर भावजयीने मला सांगितलं की काकींनी स्वतः वॉकर घेऊन परसात जाऊन नारळ निवडला, खाडीवरून तिसऱ्या आणवल्या आणि बसून त्या शिंपल्यांची ओल्या खोबऱ्यातली एकशिपी केली, कारण ती काकांना आवडते. न्हाऊन, वेणी घालून पडवीत येऊन बसल्या होत्या.

काका दुपारी जेवायच्या वेळेला परत आले. फाटक उघडल्याचा आवाज आला तेव्हा मला वाटलं, कुणी पर्यटक असेल. ते सरळ माजघरात गेले, बाटलीतलं पाणी बघितलं, बिस्किटला बाहेर काढून तिचे तळवे बघितले.

"काय झालं काका?"

"गाडी चुकली. मालवणाक."

"पुढची होती ना? सावंतवाडीला दर तासाला असते."

त्यांनी बिस्किटला पुन्हा आत ठेवलं. मग म्हणाले, "सकाळी हिना कमी खाल्ल्यान. माज्या डोक्यातसून जायना." बिस्किटने सकाळी सगळं खाल्लं होतं. मी स्वतः घातलं होतं.

मी पडवीत येऊन फोन लावला. काकींनीच उचलला, पहिल्या घंटेला.

"काकी, त्यांची गाडी चुकली."

पलीकडून पंख्याचा आवाज येत होता.

"बरा," त्या म्हणाल्या. मग, "तिसऱ्ये गार झाले काय बरे लागनत नाय. आमी जेवन घेतो."

मी आत आले. काका पिंजऱ्याशेजारी बसले होते, इस्त्रीचा शर्ट तसाच अंगात. पुढ्यात वर्तमानपत्रावर कोथिंबिरीची जुडी सोडलेली.

"काय म्हनाली?"

"जेवायला बसल्यात," मी म्हणाले.

"बरा झाला," ते म्हणाले, आणि पिवळी पानं वेगळी काढू लागले.